विमाने कंपन्यांची, तिजोऱ्या सरकारच्या

आमच्यावरचा कर वाढवा, अशी विनंती एखाद्या कंपनीने आपणहून सरकारकडे करावी, ही नवलाचीच गोष्ट. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ती घडली. विनंती करणारी कंपनी होती बोइंग. त्या राज्यात विमान उद्योगाला एकूण उलाढालीवर ०.४८४ टक्क्यांऐवजी ०.२९०४ टक्के कर भरण्याची मुभा होती. ती काढून घ्या, असा खुद्द बोइंगचा आग्रह. विधिमंडळाने झटपट कायदा केला आणि १ एप्रिलपासून सवलत संपली.

यात उपरती वगैरे काही नव्हती. एअरबसच्या बाजूने युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत चालवलेल्या खटल्यात, अनेक फेऱ्यांनंतर, अमेरिकेविरुद्ध उभा राहिलेला एकच मुद्दा उरला होता, तो हीच सवलत. ती गेली की युरोपला अमेरिकी मालावर दंडाचे शुल्क लावायला कारण उरणार नाही, असा हिशेब होता. हिशेब फसला. युरोपने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शुल्क लावलेच.

टक्क्याच्या एका अपूर्णांकावर दोन महासत्ता वर्षानुवर्षे वकील पोसतात, हे कसे झाले ते समजायला १९६० च्या दशकात जावे लागते. तेव्हा जगातली बहुतेक मोठी प्रवासी विमाने बोइंग, डग्लस आणि लॉकहीड या अमेरिकी कंपन्यांची होती. युरोपात अभियंत्यांची वाण नव्हती. ब्रिटनचे कॉमेट हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान, फ्रान्सचे कॅराव्हेलही नावाजलेले. पण प्रत्येक देश आपापले विमान बनवणार, आपल्याच विमान कंपनीच्या गरजेप्रमाणे बेतणार आणि शे-दोनशे नग विकून थांबणार. विमानाच्या धंद्यात हे परवडत नाही. टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्येच दाखवून दिले होते की, एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते. म्हणजे पहिली शंभर विमाने तोट्यात जाणार हे गृहीतच. ज्याच्याकडे तो तोटा सोसण्याइतका पैसा आहे त्यानेच या धंद्यात उतरावे. युरोपातल्या एकाही खासगी कंपनीकडे तो नव्हता.

म्हणून सरकारे उतरली. २९ मे १९६९ रोजी पॅरिसजवळच्या ल बुर्जे येथील विमान प्रदर्शनात फ्रान्सचे मंत्री झाँ शामाँ आणि जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री कार्ल शिलर यांनी ए-३०० विमानाच्या करारावर सह्या केल्या. ब्रिटन त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच बाहेर पडला होता. हे विमान खपेल असे लंडनला वाटत नव्हते. पण हॉकर सिडली या ब्रिटिश कंपनीने पदरचे पैसे घालून पंखांचे काम आपल्याकडे ठेवले, आणि आजही एअरबसचे पंख मुख्यतः ब्रिटनमध्ये बनतात ते त्या निर्णयामुळे. १९७० च्या डिसेंबरात एअरबस इंडस्ट्री रीतसर स्थापन झाली. तिची सूत्रे हलवणारे तंत्रप्रमुख रोजे बेतेई हे हुशार गृहस्थ होते. कामकाजाची भाषा फ्रेंच नव्हे, इंग्रजी ठेवायची, असे त्यांनी ठरवले. इंजिने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची घेतली. गिऱ्हाईक अमेरिकेत आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

गिऱ्हाईक मात्र येत नव्हते. १९७५ नंतरचा वर्ष-दीड वर्षाचा काळ एअरबससाठी कसोटीचा गेला. तुलूझच्या कारखान्याबाहेर कोणाचेच बोधचिन्ह शेपटीवर न रंगवलेली पांढरी विमाने उभी होती. खासगी कंपनी असती तर तिथेच गाशा गुंडाळला असता. त्या पडत्या काळात ज्या थोड्यांनी ए-३०० घेतले त्यात आपली इंडियन एअरलाइन्स होती, १९७६ मध्ये. अमेरिकेचे दार उघडले ते १९७७ मध्ये. ईस्टर्न एअरलाइन्सचे प्रमुख फ्रँक बोरमन, म्हणजे चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अपोलो-८ चे अंतराळवीर. एअरबसने त्यांना चार विमाने सहा महिने भाड्याशिवाय वापरायला दिली. इंधनाची बचत पाहून पुढच्या वर्षी ईस्टर्नने २३ विमाने घेतली. फ्रेंच झेंडा दिसला की त्याला वंदन करा, त्यांच्या कर्जामुळे आपले दहा कोटी डॉलरहून जास्त वाचलेत, अशा अर्थाचे बोरमन आपल्या कर्मचाऱ्यांना म्हणाले होते. अमेरिकी उद्योगाला हे बोलणे झोंबले नसते तरच नवल.

युरोपची मदत नेमकी कशी असते ते जरा सविस्तर पाहायला हवे, कारण सगळा वाद तिच्यावर आहे. नवे विमान काढायचे ठरले की फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेन यांची सरकारे विकासखर्चाचा काही भाग कर्जाऊ देतात. याला लाँच एड म्हणतात. सुरुवातीच्या विमानांत हा भाग जवळजवळ सगळाच होता, नंतर कमी होत गेला. परतफेडीला ठरावीक हप्ते नसतात. विमान विकले गेले की दर विमानामागे ठरलेली रक्कम सरकारजमा होते. विमान भरपूर खपले तर कर्ज फिटल्यानंतरही सरकारला रॉयल्टी मिळत राहते. नाही खपले तर उरलेले कर्ज बुडीत.

दोन्ही टोकांची उदाहरणे एअरबसकडेच आहेत. १९८४ मध्ये ए-३२० साठी ब्रिटिश सरकारने २५ कोटी पौंड दिले. ते केव्हाच फिटले आणि वर रॉयल्टी येत राहिली. याउलट ए-३८० हे दुमजली अवाढव्य विमान. २००० च्या डिसेंबरात त्याचा घाट घातला, २००५ मध्ये ते उडाले आणि २०१९ मध्ये एअरबसने ते बंद करत असल्याचे जाहीर केले. एकूण २५१ ग्राहकांना दिली गेली. जर्मन सरकारने त्यासाठी दिलेल्या ९४.२ कोटी युरोंपैकी तेव्हा जेमतेम एक तृतीयांश वसूल झाले होते. बँकेने असे कर्ज दिले असते का? दिले असते, पण जबर व्याजाने. तो व्याजातला फरक हीच सबसिडी, असे अमेरिकेचे म्हणणे होते, आणि ते बरोबरच होते.

मग अमेरिकेचे हात स्वच्छ होते का? बोइंगचा दावा असा की आम्ही स्वतःच्या हिमतीवर वाढलो. १९५४ मध्ये उडालेल्या ज्या नमुना विमानातून ७०७ जन्मले, त्यावर कंपनीने खरोखरच स्वतःचे १.६ कोटी डॉलर लावले होते. पण ते लावताना डोळा होता अमेरिकी हवाई दलाच्या इंधनवाहू विमानांच्या कंत्राटावर. ते कंत्राट मिळाले, केसी-१३५ ची शेकड्यांनी मागणी आली आणि जेट विमान बनवायचा सराव सरकारी खर्चाने झाला. युरोपीय वकील इथे थांबतात. पुढची गोष्ट ते सांगत नाहीत. विमान कंपन्यांना ७०७ रुंद हवे होते, डग्लसचे डीसी-८ तसे रुंद होते. म्हणून बोइंगला ७०७ ची रुंदी केसी-१३५ पेक्षा ४ इंचांनी वाढवावी लागली आणि त्या ४ इंचांपायी विमानाच्या धडाची साधनसामग्री वेगळी उभारावी लागली. लष्करी खर्चाचा प्रवासी विमानाला किती फायदा होतो, या प्रश्नाचे उत्तर असे इंचाइंचाने बदलते. नेमका आकडा कोणी सांगू लागला की सावध व्हावे.

त्यातही अमेरिकी सरकार कधी उघडपणे पुढे आले नाही असे नाही. १९७१ मध्ये डबघाईला आलेल्या लॉकहीडला २५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी देण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८ अशा एका मताने तरला. त्याच वर्षी बोइंगच्या स्वनातीत प्रवासी विमानाचा पैसा काँग्रेसने बंद केला. त्या विमानाचा बहुतेक खर्च सरकारच करत होते. बोइंगचे कारखाने असलेल्या सिएटलमध्ये नोकऱ्यांची इतकी वाताहत झाली की, शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, असा फलक कोणीतरी लावला होता. शिवाय नासाचे संशोधन, संरक्षण खात्याचे संशोधन आणि निर्यात कर्जाला हमी देणारी एक्झिम बँक, जिला राजधानी वॉशिंग्टनमध्ये थट्टेने ‘बोइंगची बँक’ म्हणतात.

या बँकेच्या भांडणात मुंबईही एकदा ओढली गेली. एक्झिमने एअर इंडियाला बोइंग विमानांसाठी कर्जहमी दिली, तेव्हा तिच्यावर दावा ठोकला तो डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने, २०११ मध्ये. आमच्या सरकारच्या हमीने एअर इंडियाला स्वस्तात विमाने मिळतात, त्यामुळे न्यूयॉर्क-मुंबई मार्ग आम्हाला सोडावा लागला, ही तिची तक्रार. सबसिडी द्यायची आपल्या कारखान्याला, आणि मार बसायचा आपल्याच विमान कंपनीला. त्याच खरेदीतून, म्हणजे एअर इंडियाने २००६ मध्ये नक्की केलेल्या ६८ विमानांच्या व्यवहारातून, नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगचे दहा कोटी डॉलरचे देखभाल केंद्र आले. ते २०१५ मध्ये सुरू झाले. खरेदीदार सरकारही हात दाखवल्याशिवाय राहत नाही, हे त्यातून दिसते.

भांडण वाढत गेले तशी आकडेवारी जमू लागली. १९९० मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्यासाठी केलेल्या अहवालाने युरोपने एअरबसला दिलेली मदत १३.५ अब्ज डॉलर ठरवली, बाजारभावाने व्याज धरले तर त्याच्या दुपटीच्या घरात. वर्षभरात युरोपचा अहवाल आला, की अमेरिकी उद्योगाला पंधरा वर्षांत १८ ते २२ अब्ज अप्रत्यक्ष मिळाले. दोन्ही अहवाल लिहिणाऱ्यांनी फी घेतली होती एवढेच खात्रीने म्हणता येईल. अखेर १९९२ मध्ये दोघांनी तह केला. युरोपची थेट मदत विकासखर्चाच्या ३३ टक्क्यांपर्यंत आणि १७ वर्षांत सव्याज परत करायची, अमेरिकेची अप्रत्यक्ष मदत उद्योगाच्या उलाढालीच्या ३ टक्क्यांपर्यंत. मला हा करार या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा कागद वाटतो. दोघेही मदत घेतात हे त्यात मान्य केले होते, आणि दोघांच्या मदतीची मापे वेगळी आहेत हेही.

याच्या थोडे आधीच हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गातही जाऊन बसला. कॅनडातले जेम्स ब्रँडर आणि बार्बरा स्पेन्सर यांनी मांडलेली कल्पना पॉल क्रुगमन यांनी १९८७ मध्ये बोइंग आणि एअरबसचीच नावे घालून समजावली. बाजार एवढाच आहे की एकच कंपनी नफा कमवू शकते, दोघी उतरल्या तर दोघी बुडतात. आता युरोपने एअरबसला आगाऊ पैसे देऊन टाकले, तर ती काही झाले तरी उतरणार हे बोइंगला कळते, आणि बोइंग मागे सरते. थोड्या सबसिडीत परक्याचा सगळा नफा आपल्या देशात. कागदावर हे बिनतोड आहे. खुद्द क्रुगमन यांनीच सावध केले होते की सरकारांना असे आकडे आधी कधी ठाऊक नसतात, आणि बोइंगच्या सरकारनेही तेच केले तर सगळ्यांनाच खड्डा. झालेही तसेच, फक्त एक फरक पडला. बोइंग मागे सरली नाही. मागे पडली ती मॅकडोनेल डग्लस, आणि १९९७ मध्ये बोइंगने तिला गिळले. दोन बलाढ्य कंपन्यांच्या चढाओढीत स्वस्त विमाने मिळाली ती जगभरच्या विमान कंपन्यांना, ज्यांच्या सरकारांनी एक छदामही घातला नव्हता.

२००३ मध्ये एअरबसने ३०५ विमाने दिली, बोइंगने २८१. पहिल्यांदाच युरोप पुढे गेला. पुढच्या वर्षी, ६ ऑक्टोबर २००४ रोजी, अमेरिकेने १९९२ चा करार सोडला आणि जागतिक व्यापार संघटनेत तक्रार गुदरली. युरोपने त्याच दिवशी उलट तक्रार केली. तत्त्वाचा प्रश्न म्हणून जे मांडले गेले त्यामागे वेळापत्रक होते. बोइंगला ७८७ बाजारात आणायचे होते आणि त्याला उत्तर म्हणून येणाऱ्या ए-३५० ला सरकारी कर्ज मिळू नये, ही खरी तातडी होती.

दरम्यान बोइंगला लाडावणारे सरकार वॉशिंग्टन डी. सी. मधले नव्हते, ते सिएटलकडचे, म्हणजे वॉशिंग्टन राज्याचे होते. ७८७ ची जुळणी सिएटलजवळच्या एव्हरेटमध्येच व्हावी म्हणून राज्याने २००३ मध्ये वीस वर्षांसाठी सुमारे ३.२ अब्ज डॉलरच्या करसवलती दिल्या. २०१३ मध्ये ७७७-एक्ससाठी त्या २०४० पर्यंत वाढवल्या, किंमत ८.७ अब्ज. कामगार किती ठेवायचे याची अट त्यात नव्हती. २००९ मध्येच बोइंगने ७८७ ची दुसरी जुळणी दक्षिण कॅरोलायनात न्यायचे ठरवले होते, तिथल्या सवलती घेऊन. २०२० मध्ये तर ७८७ चे उरलेले कामही तिकडेच नेण्याचा निर्णय झाला. युरोपीय कर्जाला निदान परतफेडीचे कलम असते, विमान चालले तर सरकारच्या हाती काही येते. करसवलतीतून वॉशिंग्टनच्या करदात्याला काय मिळाले, हे मला तरी शोधून सापडत नाही. लपवून दिलेल्या मदतीपेक्षा वहीत मांडलेले कर्ज बरे, मग ते बुडाले तरी. आपल्याकडे २०२२ मध्ये टाटा-एअरबसचा लष्करी मालवाहू विमानांचा प्रकल्प वडोदऱ्याला गेला तेव्हा ‘नागपूरचा प्रकल्प पळवला’ म्हणून महाराष्ट्रात गदारोळ झाला होता. राज्यांनी एकमेकांवर कुरघोडी करत सवलती वाटायच्या, हा खेळ सिएटलवाल्यांना चांगला परिचयाचा आहे.

खटल्याचे काय झाले? दोघेही दोषी ठरले आणि दोघांनी आपणच जिंकल्याचे जाहीर केले. २०११ मध्ये एअरबसविरुद्ध, २०१२ मध्ये बोइंगविरुद्ध अपिलाचा निकाल लागला. मग निकाल पाळला की नाही यावर खटले, त्यावर अपिले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लवादाने अमेरिकेला वर्षाला साडेसात अब्ज डॉलरच्या मालावर प्रतिशुल्क लावायची परवानगी दिली, संघटनेच्या इतिहासातली सर्वांत मोठी. वर्षभराने युरोपला जवळजवळ चार अब्जांची मिळाली.

शुल्क कशावर लागले ते पाहण्यासारखे आहे. युरोपीय विमानांवर आधी १० टक्के. पण चीज, ऑलिव्ह, फ्रेंच वाइन, स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की यांच्यावर २५ टक्के. पार्मेझान चीज बनवणाऱ्या इटलीचा एअरबसमध्ये भागच नाही, तरी त्या चीजवर शुल्क बसले. युरोपने उलट ट्रॅक्टर, सुकामेवा, तंबाखू, रम यांना धरले. विमानांवर जास्त शुल्क लावले असते तर आपल्याच विमान कंपन्या ओरडल्या असत्या, म्हणून चीजवाल्याला पकडले. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे इथे शब्दशः घडले. त्यातच अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे २०१९ च्या डिसेंबरात संघटनेचे अपिलीय मंडळच बंद पडले आणि युरोपचे शेवटचे अपील ऐकायला कोणी उरले नाही.

याच्या थोडे आधी कॅनडाच्या बंबार्डिएची गोष्ट घडली. डेल्टाने तिची ७५ सी-सीरिज विमाने मागवली तेव्हा बोइंगने सबसिडीची तक्रार केली. क्वेबेक सरकारने एक अब्ज डॉलर घातलेच होते. अमेरिकी वाणिज्य खात्याने सुरुवातीला जवळजवळ ३०० टक्के शुल्क ठरवले. घाबरलेल्या बंबार्डिएने सी-सीरिजचा ५०.०१ टक्के हिस्सा एअरबसच्या हवाली केला, तोही फुकटात. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने ४-० ने बोइंगविरुद्ध निर्णय दिला आणि शुल्क बारगळले. आता तेच विमान ए-२२० या नावाने एअरबस अमेरिकेतही, अलाबामातल्या मोबील शहरात बनवते. एवढी नामी मदत एअरबसला कुठल्याच सरकारने केली नसेल.

१५ जून २०२१ रोजी ब्रसेल्समध्ये पाच वर्षांची युद्धबंदी झाली. शुल्के स्थगित, मूळ प्रश्न तसाच. लाँच एडला व्याज किती असावे, संशोधनाचा कितवा हिस्सा सबसिडी धरावा, यांतले काही ठरले नाही. दोघांनी एका सुरात एवढेच म्हटले की चीनच्या बिगरबाजारी पद्धतींना एकत्र तोंड देऊ. २००८ मध्ये स्थापन झालेल्या कोमॅकचे सी-९१९ हे विमान २०२३ च्या मे महिन्यात शांघाय-बीजिंग मार्गावर प्रवासी घेऊन उडाले. कोमॅकला मिळालेल्या सरकारी मदतीचा अमेरिकेतल्या एका अभ्याससंस्थेचा अंदाज ४९ ते ७२ अब्ज डॉलर आहे. हाही आकडा वर सांगितलेल्या आकड्यांइतक्याच सावधपणे घ्यावा, पण तो तिप्पट चुकला तरी लहान नाही.

२०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने युरोपच्या मालावर सरसकट शुल्क बसवले तेव्हा सुरुवातीला त्यात विमानेही होती, पण युरोपशी झालेल्या समझोत्यात विमाने आणि त्यांचे सुटे भाग वगळले गेले. दोन्हीकडचे कारखाने एकमेकांच्या भागांवर इतके अवलंबून आहेत की आता विमानांवर शुल्क लावणे दोघांनाही परवडत नाही. चीनचेही तसेच. सी-९१९ ची इंजिने जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची साफ्राँ यांच्या भागीदारीतली. त्याच वर्षी मेअखेरीस अमेरिकेने ही इंजिने कोमॅकला विकण्यावर बंदी घातली, जुलैच्या सुरुवातीला उठवली. त्यासाठी ना जिनिव्हातल्या व्यापार संघटनेकडे जावे लागले, ना लवाद नेमावा लागला, ना कोणी सबसिडीचा हिशेब मागितला. युद्धबंदीची पाच वर्षे २०२६ च्या जूनपर्यंतची. ती संपल्यावर ब्रसेल्स आणि वॉशिंग्टन पुन्हा व्याजदरांच्या फायली उघडतील असे मला वाटत नाही. फायली उघडायला न्यायालय जागेवर नाही, आणि दोघांनाही आता स्वतःच्या तिजोरीवर बंधन नकोच आहे.